मोडी थोडीफार येते, पण सोबत वाचायला कुणी नाही. पुण्यात माणसं कशी जोडू?

पैनगंगा

नमस्कार. मी मूळची हिंगोली जिल्ह्यातली, वय २९. गेल्या वर्षी नोकरीसाठी पुण्यात आले, धायरीत राहते. काम घरूनच असतं. विम्याच्या दाव्यांची कागदपत्रं दिवसभर लॅपटॉपवर तपासायची. ऑफिसातली माणसं मीटिंगपुरती दिसतात, तीही बहुतेक वेळा कॅमेरा बंद ठेवून. फ्लॅटवर आम्ही तिघी आहोत, तिघींच्या वेळा वेगळ्या. कधी कधी रविवारी संध्याकाळी आईचा फोन येतो तेव्हा लक्षात येतं, की शुक्रवारपासून आपण कुणाशी धड बोललेलोच नाही.

एम. ए.ला इतिहास होता तेव्हा मोडीचा प्रमाणपत्र वर्ग केला होता. बाराखडी पक्की आहे, सरावाचे उतारे वाचता येतात. पेशवाईतलं चांगल्या वळणाचं पत्र असेल तर अर्ध्याहून जास्त लागतं. पण इंग्रजी अमदानीतलं एखाद्या कुलकर्ण्याचं घाईचं अक्षर समोर आलं की अडते आणि ते पान तसंच राहून जातं. रात्री जेवणं झाली की तासभर गिरवत बसते. दिवसातला मला सगळ्यात आवडणारा तास तोच.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, ज्यांना याच गोष्टीचा नाद आहे अशी माणसं भेटतात कुठे? एका मोडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आहे, तिथे रोज सकाळी सुप्रभात येतं, अधूनमधून कुणी पानाचा फोटो टाकतं. मीही एकदा टाकला. दोन अंगठे आले, वाचून कुणी दिलं नाही. दुसरी गोष्ट, यातून पुढेमागे काही काम मिळू शकतं का? नोकरी सोडायची नाही, पण ज्यांच्याकडे असं काम येतं त्या लोकांच्या ओळखीत तरी असावं असं वाटतं. मी स्वतःहून कुणाला फोन करून ‘मला काम द्या’ म्हणू शकत नाही, तो स्वभाव नाही.

कृष्णाकाठ

तू माझ्या भाचीच्या वयाची दिसतेस, म्हणून एकेरीत लिहिते. मी वाईची. हायस्कूलला मराठी शिकवायचे, आता मोडी वाचनाचं काम करते.

आधी पुण्याचं सांगते, कारण तू बसली आहेस त्या गावाइतकी मोडीची श्रीमंती दुसरीकडे क्वचितच असेल. सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१० साली इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांच्या पुढाकारानं सुरू झालेलं. कौन्सिल हॉलजवळ पुराभिलेखागार आहे, तिथे पेशवे दफ्तर, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराचे कागद. राज्याचं पुराभिलेख खातं मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतं, परीक्षाही घेतं. तुझा वर्ग झालेला असला तरी पुन्हा एकदा कर. अक्षरं शिकण्यासाठी नव्हे, शेजारी कोण बसतं ते बघण्यासाठी. माझी सगळी माणसं मला वर्गाच्या बाकावरच मिळाली.

आमचा वर्ग साताऱ्याला शनिवार-रविवार भरायचा. सुरुवातीला खोली भरलेली असायची, परीक्षेपर्यंत निम्मे उरले, निकालानंतर चौघंच. एक तहसील कचेरीतून निवृत्त झालेले अव्वल कारकून, एक औषधांच्या दुकानाचे मालक, एक कायद्याची विद्यार्थिनी आणि मी. वर्ग संपल्यावरही आम्ही औषधवाल्यांच्या दुकानावरच्या खोलीत बसत राहिलो. पद्धत अशी ठरली की ज्याची पाळी असेल त्यानं एकच पान आणायचं, चौघांना प्रती द्यायच्या. अर्धा तास कुणी कुणाशी बोलायचं नाही, ज्यानं त्यानं पेन्सिलीनं आपापलं वाचन लिहायचं. मग ओळीनं ताडून बघायचं.

ही पद्धत मी इतकी लांबण लावून सांगते आहे, कारण मैत्री तिथेच झाली. मोडी एकट्यानं वाचायची विद्या नाही. लिहिणाऱ्यानं आधी आडवी रेघ ओढलेली, मग हात न उचलता अक्षरं जोडत नेलेली, दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्ह नाही, ऱ्हस्वदीर्घाचा भरवसा नाही. अक्षर ओळखता आलं तरी शब्द कुठे तुटतो ते कळत नाही. तिथे कारकून काका लागायचे. महसुलातले शब्द त्यांच्या जिभेवर होते. त्यांना ‘बितपशील’ किंवा ‘खंडणी’ची पहिली दोन अक्षरं दिसली की पुढचं दिसायचं. कायद्याच्या मुलीचे डोळे तीक्ष्ण, गाठ मारलेला ‘र’ तिला लांबून ओळखू यायचा. औषधवाल्यांचा जीव तारखांत. सुहूर सन म्हणजे जुन्या कागदांतली वर्षगणना, आकडे अरबी शब्दांत लिहिलेले. तो मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलतो. मृगापासून डिसेंबरपर्यंतचा कागद असेल तर इसवी सन काढायला त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतचा असेल तर ६००. हा हिशेब ते गिऱ्हाइकाला गोळ्या देता देता करायचे. आणि मला पत्रांचे मायने पाठ. प्रत्येकाकडे दुसऱ्याला हवं असं काहीतरी होतं. त्यामुळे कुणी कुणाकडे उपकार मागायला गेलं नाही. कारकून काकांच्या पत्नी आजारी पडल्या तेव्हा दवाखान्यात रात्री कोण थांबणार याच्या पाळ्या आम्ही चौघांनी लावल्या. त्या वेळी मोडीचा विषयही नव्हता.

म्हणून माझं सांगणं हे की ‘ओळखी वाढवायच्या’ म्हणून कुठे जाऊ नकोस. एक पान घेऊन जा. दोन माणसं मिळाली तरी पुरेत, पण ती दर आठवड्याला त्याच दिवशी, त्याच वेळी यायला हवीत. महिन्यातून एकदा हॉटेलात जमणाऱ्या मोठ्या मेळाव्यापेक्षा मला हे कितीतरी मोलाचं वाटतं.

आता तुझ्या व्हॉट्सॲपच्या फोटोबद्दल. अख्खं पान टाकून ‘कृपया वाचून द्यावे’ लिहिलं की ते कुणाच्याच वाट्याचं राहत नाही. वाचणारी माणसं तिथे असतात, पण रात्री दमून आलेल्या माणसाला तीस ओळी झेपत नाहीत. असं करून बघ. पान सपाट ठेव, खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात, बरोबर वरून फोटो घे. कागद कोणत्या तालुक्यातला, पत्र आहे की हिशेब की नोंदवही, अंदाजे कोणत्या काळातला, हे लिही. तुझं स्वतःचं वाचन ओळीनुसार दे, न लागलेल्या जागी रिकामी रेघ सोड. आणि एका ओळीबद्दल, जमलं तर एकाच शब्दाबद्दल विचार. ज्यानं उत्तर दिलं त्याचे नुसते आभार मानून थांबू नकोस. वाचन पूर्ण झालं की ते सगळं परत ग्रुपवर टाक, कुणी काय सुचवलं ते नावानिशी लिहून. पुढच्या वेळी तीच माणसं तुझं पान आधी उघडतील.

कामाचं. २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामासाठी राज्यभर कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली. शाळांचे जुने दाखल-खारीज, जन्म-मृत्यूच्या नोंदी, ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो तो गाव नमुना १४, यातलं पुष्कळ मोडीत. एकाएकी तालुक्या-तालुक्यातून मोडी वाचणारी माणसं हवी झाली. आमच्या भागात जी नावं सुचवली गेली ती ज्यांचं वाचन इतरांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं त्यांचीच. माझं नाव त्या कायद्याच्या मुलीनं दिलं, ती तोवर वकील झाली होती. मी कुणाकडे शब्द टाकला नव्हता. तू म्हणतेस तुझा तो स्वभाव नाही. या कामात तो नसला तरी चालतं, कारण इथे माणसाची ओळख त्याच्या वाचनावरून होते.

एकाच बाबतीत मी फार कडक आहे. जे अक्षर लागत नाही तिथे ‘लागत नाही’ असंच लिहायचं. एखाद्या घराचा जातीचा दाखला किंवा एखाद्याची जमीन त्या अक्षरावर उभी असते. पक्षकार समोर बसून ‘ताई, तिथे आमचंच आडनाव असेल बघा’ म्हणतो, त्याच्या डोळ्यांत आशा असते, तरीसुद्धा. ज्या दिवशी कुणीतरी म्हणेल, ‘हिनं लिहिलंय म्हणजे तेवढंच आहे त्या कागदावर,’ त्या दिवशी तुझ्याकडे काम आपणहून यायला लागेल.

दिवाणी_दावा

कृष्णाकाठ ताईंनी मुद्द्याचं लिहिलंय. मी बीड जिल्ह्यात वकिली करतो, काम घेणारी बाजू सांगतो.

आम्हाला मोडी वाचणारा माणूस लागतो तो वतनाच्या वादात, इनाम जमिनीत, वाटणीच्या दाव्यात आणि जात पडताळणीत. आम्ही शोधत बसत नाही, दुसऱ्या वकिलाला विचारतो. त्यामुळे एका वकिलाचं काम नीट झालं की त्या बार रूममधल्या सगळ्यांपर्यंत नाव जातं. काम नीट म्हणजे मूळ ओळ जशी तुटते तशीच तुमची ओळ तुटली पाहिजे, ओळींना क्रमांक हवेत, आणि लिप्यंतर वेगळं व अर्थ वेगळा. मजकुरात नसलेला शब्द समजुतीसाठी घातला असेल तर तो चौकटी कंसात. ठरवलेल्या तारखेला द्या. पैसे पानाप्रमाणे आधीच बोलून घ्या, संकोच करू नका, आम्हालाही ते बरं पडतं. आणि कोणत्या कार्यालयात कुणाचं लिप्यंतर ग्राह्य धरतात हे त्या त्या ठिकाणी आधी विचारून घ्यायचं, नाहीतर पक्षकाराला दोनदा खर्च पडतो.

तुम्ही हिंगोलीच्या आहात ही तुमची मोठी जमेची बाजू आहे. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, तिथली सरकारी भाषा उर्दू. आमच्याकडे एकाच प्रकरणात एक कागद मोडी, एक उर्दू, असं हटकून येतं. पुण्याकडच्या वाचकांना मोडी उत्तम येते, पण आमच्याकडची गावं, आडनावं, पिकांची नावं, वजनमापं ओळखीची नसतात. तुमच्या कानावर ती लहानपणापासून आहेत.

माझ्या ऑफिसात मोडी वाचणारे एक गृहस्थ येतात आणि उर्दू शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी येतात. पहिल्यांदा एका दाव्यासाठी समोरासमोर बसले, मोडीतली तारीख फसली सनात, म्हणजे महसुलाच्या जुन्या वर्षगणनेत होती, गुरुजींनी ती तोंडी सोडवली. आता माझं काम नसलं तरी दोघं माझ्याच ऑफिसात भेटतात. रमजान ईदला गुरुजींच्या घरचा शीरखुर्मा आम्हा सगळ्यांना आणि दिवाळीत त्या गृहस्थांच्या घरच्या करंज्या गुरुजींकडे. गावी जाल तेव्हा उर्दू वाचणारं एक माणूस जोडून ठेवा. कामाला तर लागतंच, शिवाय संगत छान असते.

आणखी एक, आणि हे गंभीरपणे घ्या. पक्षकाराच्या जमिनीचा किंवा जातीचा कागद कधीही ग्रुपवर टाकू नका. शब्द अडला तर तेवढाच शब्द कापून टाका, नावं झाका. जो ही काळजी घेत नाही त्याला आम्ही दुसरा कागद देत नाही.

कावेरीतीर

मी चेन्नईत राहतो. आमचं घराणं तंजावरचं, घरात तंजावरी मराठी बोलतात, त्यामुळे माझं लिहिणं तुम्हाला थोडं वेगळं वाटेल. मराठी लिहायला मी मोठेपणी शिकलो.

माझ्या आसपास मोडी वाचणारं कुणीच नव्हतं. तंजावरला १८५५ पर्यंत भोसल्यांचं राज्य होतं, सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचा मोठा साठा आहे, बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले वंशाचा मराठी लेख कोरलेला आहे. पण आमच्या नात्यातली मुलं तमिळ आणि इंग्रजीत वाढली. मोडी मी टाळेबंदीच्या काळात ऑनलाइन वर्गात शिकलो. वर्ग संपला आणि पुन्हा एकटा झालो.

मग मी एक केलं. वर्गातल्या तिघांना लिहिलं की शनिवारी रात्री नऊ वाजता मी व्हिडिओ कॉल लावून बसेन, एक पान पडद्यावर असेल, कुणी आलं तर आलं. पहिल्यांदा एकच जण आला, धुळ्याचा. पुढे एक बाई मस्कतहून येऊ लागल्या. आता ठरलेलं मंडळ आहे. कॉलच्या शेवटी पानाबद्दल बोलणं संपतं आणि घरचं बोलणं सुरू होतं. धुळ्याच्या मित्राच्या लग्नाला आम्ही सगळे गेलो, एकमेकांना प्रत्यक्ष पहिल्यांदा तिथेच पाहिलं. त्याच दौऱ्यात त्यानं मला धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ दाखवलं. दप्तरं बघताना मला बोलता येईना, इतकं भरून आलं.

नोकरीचं म्हणाल तर मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली जागा मिळाली, नोटो मोडी नावाचा फुकट फॉण्टही आहे. त्यावर सरावासाठी एक छोटा कीबोर्ड केला आणि मंडळात वाटला. मस्कतच्या बाईंच्या यजमानांनी तो पाहिला आणि त्यांच्या ओळखीच्या एका ग्रंथालयाचं डिजिटायझेशनचं काम मला विचारलं. ते काम मोडीचं नव्हतं, पण ओळख मोडीतून झाली. एक व्यवहाराची गोष्ट: सगळ्यांच्या फोनवर मोडी फॉण्ट दिसत नाही, चौकोन दिसतात. वाचन पाठवताना देवनागरीतच पाठवावं.

पैनगंगाताई, पुण्यात जमलं नाही तर आमच्या शनिवारी या. पण पुण्यात आधी बघा. एकत्र बसून कागदावर बोट ठेवून वाचण्यात जे आहे ते पडद्यावर पूर्ण येत नाही, हे मी दूर राहणारा सांगतो.

पैनगंगा

तुम्ही तिघांनी इतकं मनापासून लिहिलंत, मी दोनदा वाचलं. पुराभिलेख खात्याच्या पुढच्या वर्गाची चौकशी उद्याच करते. शनिवारी रात्री नऊला कॉलवर येते, दादा. उर्दूचं तर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आमच्या गावात एक निवृत्त शिक्षक आहेत, बाबांच्या ओळखीचे.

एक शंका कृष्णाकाठ ताईंना. अनोळखी लोकांच्या घरी किंवा दुकानावर एकटीनं जाऊन बसायला मला पहिल्यांदा अवघड वाटेल. तुम्ही काय केलं होतं?

आणि तुम्ही सांगितलंत तसं विचारून बघते. हे वर्गात सरावाला मिळालेलं पान आहे, कुणाचा खाजगी कागद नाही. पहिल्या दोन ओळींचं माझं वाचन:

१. शके — — — — विजय नाम संवत्सरे चैत्र शुद्ध पंचमी
२. सुहूर सन — सबैन मया व अलफ

दुसऱ्या ओळीतला रिकामा शब्द ‘सलास’ आहे की ‘समान’? पहिलं अक्षर ‘स’ नक्की, पुढे शाई पसरली आहे. शकाचे आकडे वाळवीनं खाल्लेत.

कृष्णाकाठ

पहिल्या भेटी सार्वजनिक जागीच ठेव. वर्गाची खोली, ग्रंथालय, दिवसाची वेळ. मी पहिले काही रविवार धाकट्या बहिणीला सोबत न्यायचे, ती कोपऱ्यात पुस्तक वाचत बसायची, कुणालाही त्याचं वावगं वाटलं नाही. वर्गात एखादी बाई दिसली तर आधी तिच्याशी बोल, दोघी मिळून तिसऱ्याला बोलवा. आणि फ्लॅटवरच्या मुलींना कुठे जातेस ते सांगून जात जा.

आता पान. आकडे गेले तरी संवत्सर वाचलंस ते फार चांगलं केलंस. संवत्सरांची साठ नावं आहेत, म्हणजे विजय साठ वर्षांनी एकदा येतो. तुझ्या दुसऱ्या ओळीत सबैन मया व अलफ, म्हणजे अकराशे सत्तर आणि वर काही. ‘समान’ धरलंस तर ११७८, तो इसवी १७७७ च्या मृगाला लागतो. त्या दशकातला विजय संवत्सर मात्र शके १६९५, म्हणजे इसवी १७७३-७४. जुळत नाही. चैत्र शुद्ध पंचमी म्हणजे मृगाच्या आधी, म्हणून १७७३ मधून ६०० वजा कर: ११७३. अकराशे त्र्याहत्तर म्हणजे सलास सबैन. ‘सलास’ धर, आणि शकाच्या जागी १६९५ चौकटी कंसात लिही.

याच वर्षी ऑगस्टच्या ३० तारखेला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. तुझा कागद त्याच्या पाच महिने आधीचा. तिसऱ्या ओळीत मौजे आणि गावाचं नाव येत असेल, तिथपर्यंत वाचून शनिवारी कॉलवर घेऊन ये. कावेरीतीर, मला पण दुवा पाठवा, औषधवाल्यांना सोबत घेऊन बसते.